मिरचीच्या ट्रॉलीत

भंगारातून अकराशेला घेतली.
शीड उंदरांनी खाल्लेलं, डोलकाठी साबूत.
न्यायची कशी, हे पैसे मोजल्यावर आठवलं.

दोंडाईच्याला मिरची उतरवून
सुपडूची ट्रॉली सारंगखेड्याला रिकामी परतत होती.
खाली पोती, वर होडी,
मागे दहा हात डोलकाठी,
टोकाला त्याच्या बायकोचं लाल पोलकं.

फाटक बंद. एक म्हातारा वाकून बघतो:
"पानी कोठे शे, भो?"
"तठे," म्हणत सुपडू शिंकतो.
मग मी. मग म्हातारा.

कपाशीतून वीस किलोमीटर,
एकदाही बुडाली नाही.

तापीत ढकलली तेव्हा तिन्हीसांज.
शिडाला मिरचीच्या पोत्याचं ठिगळ.
वारा भरला,
आणि डोळे चोळत आम्ही
निघालो,
कुठे ते दिसेना.