हक्कसोड

गाठ आईनेच शोधली.
चाळीस वर्षं वडगावात मागावर बसलेली बाई,
वीज गेली तरी कापडावरनं बोट फिरवून
सांगायची, इथं सूत जोडलंय.
तशीच एका संध्याकाळी न्हाताना थांबली.
"उज्ज्वला, हे बघ गं."
मी बघितलं नाही. नुसता हात लावला.

रिपोर्ट इंग्रजीत, पावती कन्नडात,
डॉक्टरबाई हिंदीत हळू बोलत होत्या,
आई मराठीत ऐकत होती.
मग कोरा कागद पुढे आला :
घराण्याचं झाड काढा.
बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन,
कोण कितव्या वर्षी, कशानं गेलं.

झाड होतं की मामाकडे.
येळ्ळूरच्या चौदा गुंठ्यांसाठी
तलाठ्यानं करून दिलेला वंशवृक्ष,
जांभळ्या शिक्क्याचा.
त्यात सगळे चौकोनच.
आजीच्या जागी 'मयत', एवढंच.

मी फोन फिरवत बसले.
चंदगडच्या तुळसाक्काची सून म्हणाली,
पोटात पाणी झालं होतं, आणखी काय नाही.
आजीचं कुणालाच धड सांगता येईना.
पदराआड हळद बांधायची म्हणे,
वास यायचा, तशीच भात लावायची.
गोल काढला, काळा भरला.
दुसरा अर्धा भरून थांबले.

माहेरच्या जमिनीवरचा हक्क आईनं
सब-रजिस्ट्रारसमोर सोडला, एका साडीवर.
अंगठ्याची शाई दुपारी भातात उतरली,
हे ती अजून हसत सांगते.
याला स्टॅम्पपेपर नाही.
"मामांकडेही निम्मी शक्यता," डॉक्टरबाई म्हणाल्या,
"मग त्यांच्या मुलींकडेही."
झाली एकदाची समान वाटणी.

परशराममामा फोनवर बराच वेळ गप्प.
मग : "स्नेहलची सोयरीक चाललीय संकेश्वरला.
मार्गशीर्षापर्यंत कुठं बोलू नको, बाय."
नाही बोलले.
स्नेहलशीसुद्धा.

माझं रक्त बेंगळूरला गेलंय. तीन आठवडे.
आईचे केस गेलेत, बोटं तशीच आहेत.
काल वीज नव्हती, गल्लीतले सगळे माग गप्प,
ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.
"बोटं सरळ ठेव. दाबू नको, नुसती फिरव.
कळतं."
दाराआडून माझ्या लेकीनं विचारलं,
काय शिकवतेस गं आज्जी?
आई म्हणाली, "मागावरचं."