पान क्रमांक एकेचाळीस

तेव्हा रजिस्टरच्या पानांना आकडे नव्हते.
एक फाडलं, की मागचं नि पुढचं
शेजारी शेजारी बसायचं,
काही झालंच नाही असं.

फाडलं ते मी.
साहेब नुसते खिडकीबाहेर बघत होते,
आवारातल्या मोहाकडे.

दोन कुप्या, एकाच उंचीच्या,
एकाच पिवळ्या टोपणाच्या, एकाच खोक्यात.
लाइट गेलेली.
झरीकडून आणलेली जंगाबाई आत्राम
उजाडेस्तोवर राहिली नाही.
लेकरू राहिलं.

तिसऱ्या दिवशी तिचा सासरा आला.
"बाबू, माह्या सुनेचं कुठी लिवलं हाय का काई?"
मी म्हटलं, नाही.
"बरं," म्हणाला,
आणि पायऱ्यांवर चप्पल शोधत राहिला.
आला होता अनवाणीच.

अकरा वर्षांनी जिल्ह्यावरून हे पत्र आलंय, तीन पानी.
सदरहू, उक्त, त्याअर्थी.
दुपारभर वाचलं, डब्यातली भाकर वाळून गेली.
समजलं ते एवढंच:
सारखी दिसणारी औषधं एका खणात नकोत.
टोचण्याआधी नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.
घरच्यांनी मागितला तर कागद द्यायचा,
बहात्तर तासांच्या आत.
चूक लिहिणाऱ्याला लिहिल्याबद्दल शिक्षा नाही.
लपवणाऱ्याला आहे.

पहिली नोंद रामटेके सिस्टरची.
ठसठशीत अक्षर, कुठे खाडाखोड नाही:
"रात्री दोन चाळीस. मी चुकीची कुपी उचलली.
नाव वाचलं. सुमनने, झाडूवालीने, थांबवलं.
बाई सुखरूप."
साहेबांनी खाली सही केली.
कोणी खिडकीबाहेर बघितलं नाही.
दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून
कपाटात एक फळी वाढवली.
एवढ्याशा फळीला अकरा वर्षं.

कायदा म्हणजे काळा कोट, असं वाटायचं मला.
हा तर खिळे ठोकत आला.

आकडे घालायचं काम माझं.
एक ते दोनशे, प्रत्येक पानावर गोल शिक्का.
ते फाटलेलं एकेचाळीसावं होतं,
फाडताना मोजलं होतं, कशासाठी कुणास ठाऊक.
माझं कुठल्या रकान्यात बसतं
ते पत्रात दिलेलं नाही.

एकेचाळीसवर शिक्का जरा जोरातच बसला,
बेचाळीसवरही त्याची खूण उठली.
पान कोरं ठेवलंय.

झरीची एसटी साडेतीनला आहे.
म्हातारा असेल का, विचारलं तर पाहिजे.
बहात्तर तास
केव्हाचे उलटून गेलेत.