नाव रिकामं असेल तर

स्क्रिप्ट तशी साधी. छत्तीस ओळी.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी उठते,
आठ आभासी मशिनींच्या दारांवरून फिरते,
जिची डिस्क भरत आली तिला वाढवून देते,
जुन्या प्रती शोधते, पुसते,
लॉगमध्ये सही करते आणि झोपते.
झांबरे सरांनी लिहिलेली.
मी फक्त आटोपशीर केली, मार्चमध्ये.

आता मे. भुसावळ. पहाटेचे चार,
आणि भिंत अजून कालच्या उन्हानं गरम.
लॉग म्हणतो: काम पूर्ण, चुका शून्य.
पतपेढीची डिस्क जागेवर नाही.

फोल्डर उघडला. रिकामा.
पुन्हा उघडला,
डब्यातली शेव संपल्याचं माहीत असूनही
माणूस झाकण काढून बघतो तसा.

मग एकेक ओळ बोटानं वाचत खाली आले.
स्क्रिप्टनं मशिनीला विचारलं होतं, जुन्या प्रतीचं नाव काय?
मशीन काहीच बोलली नाही.
स्क्रिप्टनं ते काहीच-नाही उचललं,
पत्त्याच्या शेवटी जोडलं.
फोल्डर अधिक काहीच नाही
म्हणजे आख्खा फोल्डर.
तो तिनं पुसला. नीट, सांगितल्यासारखा.

एकोणिसाव्या ओळीवर पूर्वी एक अट होती:
नाव रिकामं असेल तर थांब.
खाली नोंद सापडली:
अनावश्यक ओळ काढली. कामिनी फेगडे, १४ मार्च.

कामिनी फेगडे म्हणजे मी.

पण पतपेढी चालूच होती.
पडद्यावर खाती दिसत होती, व्याज मोजलं जात होतं,
पायाखालची फरशी काढून नेल्याचं
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
लीलाधरशेठ फोनवर म्हणाले,
बंद करून चालू कर ना, आमचा टीव्ही तसाच होतो.
माझं बोट बटणावर गेलंसुद्धा.

आधी यावलला फोन लावला.
सर गच्चीवर झोपलेले. खोकले. ऐकून घेतलं.
"बंद नोको करू व माय.
फाइलचं नाव गेलंय, फाइल नाही गेली.
मशिनीनं तिले हातात धरेल हाये.
तिनं हात सोडला का मंग संपलं."

मग त्यांनी सांगितलं तसं:
मशिनीला आहे तिथेच थबकवलं, श्वास रोखून,
तिचा प्रोसेस नंबर काढला, चार चार सात एक,
तिच्या मुठीत डोकावले.
चौदाव्या बोटात ती होती,
एकशे वीस जीबी, नावापुढे शिक्का: पुसलेली.
तिथून नक्कल सुरू केली, मिनिटाला साडेतीन जीबी.

चार पंचवीसला वीज गेली.
खिडकीतून दीपनगरच्या चिमण्यांचे लाल दिवे,
तिकडं वीज बनते, इकडून जाते.
यूपीएस टुकटुकू लागला. पन्नास मिनिटं म्हणतो,
पण बॅटरी दोन उन्हाळे जुनी,
तिचे पन्नास म्हणजे किती ते तिलाच माहीत.
एसी बंद. घाम मानेवरून पाठीत.
यार्डात कुठलीशी मालगाडी
डब्यामागून डबा ओढत होती, आणि मी
डबे मोजावेत तसे आकडे मोजत होते.
एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट.
अडकलं का?
बासष्ट.

चार बावन्नला शंभर टक्के.
बरोबर आहे का ते दोनदा तपासलं,
मग तिला जुनंच नाव दिलं, जुन्याच जागी ठेवलं.
मशीन पुन्हा उठली तेव्हा
तिच्या घड्याळात अजून चार एकवीस होते.
मी ते पुढे केलं. बाकी तिला काही कळवलं नाही.

शेठना कळवलं. चूक माझी, हे आधी.
ते म्हणाले, म्हणजे आता चालू आहे ना?

उजाडताना एकोणिसावी ओळ परत लिहिली.
नाव रिकामं असेल तर थांब.
शेजारी टीप टाकायला कारण हवं होतं, म्हणून
सरांना पुन्हा फोन:
ही ओळ तुम्हाला कधी सुचली होती?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग त्यांनी मला
सावद्याचा केळीचा भाव सांगितला.