पन्हा

तुर्भ्याच्या गोदामातून दगड निघाला
तेव्हा बिलावर पंधरा लिहिलं होतं.
लिहिणारा मीच.
केणीबाई फोनवर म्हणाल्या, ओटा पंधरा,
आणि मी पुढचं विचारलं नाही.
टेम्पोवाला हॉर्न मारत होता,
मांगीलाल शेठ जेवायला गेले होते.

कोपरखैरण्यात तीन जिने चढवला.
खांद्यावर पोत्याची घडी, वर काळा ग्रॅनाइट,
वळणावर भिंतीला लागू नये म्हणून
सुभान पाठमोरा, एकेक पायरी चाचपत.
मांडला तर साडेसात फुटांवर थांबला,
खिडकीच्या जरा अलीकडे.
पुढे नुसता खालचा कडप्पा,
ओल्या सिमेंटचे ठिपके पडलेला.

केणीबाईंनी वीजबिल काढलं.
पाठीमागे पेन्सिलीचा काटकोन,
एका भुजेवर नऊ, दुसरीवर सहा.
'पंदरा सांगितलं, पंदराच दिलंस म्हनतोस.
मंग माझा अर्धा वटा कुठं गेला?'

मोजलं कशानं?
परकराच्या नाडीनं.
नातवाच्या पट्टीवर धरून
फुटाफुटाला गाठ मारलेली.
मी टेप लावला. गाठी बरोबर होत्या.
एकही सैल नव्हती.

मग मी सांगायला बसलो.
रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी, धावती.
'दगड धावतो व्हय?' त्या म्हणाल्या.
सुभान तोंड फिरवून हसला.
मी फरशीवर खडूनं चौकोन काढले,
एक फूट असा, एक फूट तसा,
चौकोनात चौकोन,
मलाच आठवेना मी कुठवर आलो होतो.

त्या खाली बसल्या. चौकोनांकडे बघत राहिल्या.
वीस वर्षं साड्यांना फॉल लावणारी बाई,
बोटांच्या पेरांवर सुईचे बारीक खड्डे.
'नाडीला पन्हा नसतो,' म्हणाल्या.
'नाडी मागावी, दोन मीटर दे, चार मीटर दे.
कापडाला असतो.
छत्तीसचं का चव्वेचाळीसचं, न विचारता फाडलं
तर बाही निघत नाही.
तू माझा पन्हा विचारला नाहीस.
मी पन सांगितला नाही.'

एवढंच होतं.
एकोणीस वर्षं दुकानात काढून
हे मला असं सांगता आलं नव्हतं.

पन्हा दोन फूट.
पुन्हा मोजलं, दोघांनी, टेपचं टोक त्यांच्या हातात.
भिंतीकडून पंधरा.
हाताकडून, म्हणजे जिथे उभं राहून कांदा चिरायचा
तिकडून, अकराच.
दगड सव्वीस चौरस फूट.
त्यांनी बोटांवर केलं: नऊ दुणे अठरा,
सहा दुणे बारा, मिळून तीस.
मग कोपऱ्यावर हात ठेवला.
'हा दोनदा धरला गेला. दोन्ही भिंती म्हनतात माझा.'
तिथे हात पोचत नाही कुणाचाच.
तिथे डबे जातात, मागे झुरळं,
आणि एखादी चमची, जी सहा महिन्यांनी सापडते.

उरलेल्या अकरा फुटांचं बिल मी फाडलं.
कडेची गोलाई वेगळी, ती मात्र धावत्या फुटानं.
त्यांनी ते वाचलं, मान हलवली, काही विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सिंकचं भोक पाडलं.
वीस इंच बाय सतरा.
तुकडा मी सवयीनं दाराबाहेर ठेवला,
जाताना टेम्पोत टाकायला.
'तो कुठं चालला?
सव्वीसात तो बी धरलाय ना?'
धरलाय.
'मंग आत आन.'

मार्चमध्ये नळाखालची फट बुजवायला गेलो
तेव्हा मोरीत तो तुकडा होता,
चार बाजूंनी न घासलेला,
त्यावर विळी, विळीपाशी बोंबलांची डोकी.
केणीबाई पाटावर बसून,
एका हाताच्या अंतरात सगळं.
मला म्हणाल्या, हळू, कड लागेल पायाला.
हिची गोलाई करून दे कधीतरी.
किती होईल?

मी वाकलो, टेप काढला,
आणि विचारलं, चारी बाजू का
नुसती तुमच्याकडची?