काटा

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी
नबीलालची टपरी. तराजू दुरुस्त करतो.
माझ्या दुकानातला पितळी काटा
डावीकडे झुकायचा, गुंजभर.

त्यानं पारडं उलटं केलं.
खाली लाखेचा थेंब, काळा पडलेला.
"वडलांच्या वेळचा?" हसला नाही.
नखानं खरवडून
माझ्याच तळहातावर ठेवला.

मग दोन्ही पारडी रिकामी सोडून
बसून राहिला. मीही.
काटा थरथरत, थरथरत
उभा राहिला.
"भरल्यावर सगळेच बोलतात, ताई.
रिकाम्यानं खरं बोलायचं, ते अवघड."

मला आमची बारा वर्षं आठवली.
आधी फोन कुणी केला,
माफी कुणी किती वेळा,
तापात कोण जागलं.
सगळं तोलून मांडलेलं, आणि दरवेळी
माझंच पारडं जड.

गुरुवार होता. परीक्षा म्हणून त्यानं
लोबानाचा खडा तोलला, बरोबर तोळाभर,
आणि तोच नदीकाठच्या दर्ग्यात नेऊन
निखाऱ्यावर सोडला.
मी सोबत गेले, उगाच.
पुलावर बसचे हॉर्न.
एक म्हातारी पायऱ्या झाडत होती,
धुरातून झाडू तसाच चालू.
"आता तोला," नबीलाल म्हणाला.

घरी पोचले तर सुधन्वा दारात.
"कसला वास येतोय तुला?"
लाखेचा थेंब अजून मुठीत होता,
घामानं चिकट.

त्या रात्री पानं कुणी वाढली,
आठवत नाही.