अकरा सेकंद

मल्हारगंजात माझं घड्याळांचं दुकान.
दुकान म्हणजे काय, एक शटर, एक स्टूल, डोळ्याला भिंग.
आणि वर्षातून सात-आठ रात्री
मी रिंगच्या कडेला बसतो, घंटेची दोरी धरून.
पस्तीस वर्षं. एकदाही चुकलो नाही,
असं लोक म्हणतात.

उमाजी वाघमोडे, वय एक्केचाळीस.
(कागदावर अडतीस. तो कागदही आता घडीवर फाटलाय.)
पहाटे निगमची कचरागाडी चालवतो,
संध्याकाळी बॅगेवर ठोसे, मोजून तीनशे.
डावा हुक अजून तसाच,
घरातलं माणूस यावं तसा आत येतो, न विचारता.
उजवीकडून येणारं मात्र त्याला उशिरा दिसतं.
म्हणजे लागल्यावर दिसतं.

त्या रात्री समोर देवासचा पोरगा, बाविशीचा,
पाय असे, की खाली तवा तापलाय.
दुसऱ्या फेरीत उमाजी दोरांना टेकला.
हात वर होते,
पण हातांत कुणी नव्हतं.
माझ्या काट्यावर अकरा सेकंद उरले होते.
मी घंटा दिली.

कळलं नाही कुणाला. पंचांना नाही, त्या पोराला नाही,
गर्दी तर शेव-परमलच्या पुड्यांत.
स्टुलावर बसता बसता उमाजीनं मान वळवली
आणि उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं
माझ्याकडे पाहिलं.
तिसरी फेरी खेळून, उभ्यानं हरला.

दुसऱ्या दिवशी दुकानात. पोहे आणलेले,
जिरावण वेगळ्या पुडीत, मला जास्त लागतं म्हणून.
“भिया, घड्याळ बिघडलंय तुमचं.”
मी म्हटलं, नाही.
“मग माझे अकरा सेकंद काढा.”
मी भिंग पुसत राहिलो.
“तीन मिनिटं माझ्या हाडांत मुरलीत, भिया.
पडलो असतो तर माझं मी पडलो असतो.
तुम्ही चारचौघांत उचलून घेतलंत मला.
लेकराला घेतात तसं.”
पोहे तसेच राहिले. दोघांचेही.

ललिता येऊन गेली परवा. त्याची बायको.
तुमचं ऐकतात, काका, तुम्हीच सांगा बस करा म्हणून.
रात्री उठून दाराची कडी शोधतात,
कडीसमोर उभे राहून.
मी सांगतो म्हणालो.
तिला हे नाही सांगितलं की गेल्या मंगळवारी
उमाजीची गाडी आमच्या गल्लीवरून सरळ पुढे गेली.
नऊ वर्षं रोज वळणारी गाडी.
मग थांबली, मागे आली,
आणि तो खिडकीतून हसला
माझ्याकडे नाही, गल्लीकडे बघून,
तिनंच जागा बदलली असावी तसा.

मुलगा पुण्याहून फोन करतो, बाबा, बंद करा आता ते.
चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग
हल्ली कापते. म्हणजे मीच कापतो.
महिन्यात तीन घड्याळं परत आली,
गिऱ्हाईकं जुनी, काही बोलली नाहीत.
मी मुलाला म्हटलं, जमेनासं होईल ना,
तेव्हा सगळ्यात आधी मलाच कळेल.
आणि म्हणता म्हणताच ओळखलं,
हे वाक्य माझं नाही,
उमाजीचं आहे, जसंच्या तसं.

फेब्रुवारीत महूला लढत आहे.
घंटेवर तुम्हीच, म्हणतो. पण शपथ घ्या.
घेतली. हात स्टॉपवॉचवर ठेवून घेतली.
तेव्हापासून रोज रात्री त्याला तेल देतोय,
गरज नसताना.

आज सकाळी सात दहा.
ओला, सुका, दोन्ही डबे घेऊन दारात उभा आहे.
गाडीचं गाणं कोपऱ्यापर्यंत आलंय.
मी मोजायला लागलो.