नऊ व्होल्ट

जेल रोडला, मोबाइलच्या दुकानांवर,
जिना चढताना भिंतीला हात लावावाच लागतो
अशा जागी नौशादचं टेबल आहे.
वाकलेल्या मानेचा दिवा, राळेचा वास,
बशीत स्क्रू.
शनिवारी आम्ही तिथंच सापडतो :
प्रभंजन मुळ्ये, महूहून मोपेडवर येणारा डेन्झिल, आणि मी.
तिघांच्या मिळून बारा तारा
आणि धड गुडघे दोन.

त्या शनिवारी गजा दिघ्याची इरावती आली,
पाठीला बापाचा बेस.
गजाला जाऊन तीन आठवडे झाले होते.
म्हणाली, काका, हा वाजतच नाही.
गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, चालू आहे का.

मागची झाकणी उघडायला रुपयाचं नाणं लागतं.
प्रभंजननं सेल काढून जिभेला लावला,
ही आमची मीटरच्या आधीची विद्या.
चुरचुरला नाही. ‘मेलाय,’ तो म्हणाला,
आणि मग तिच्याकडे बघून गप्प झाला.

नवा घातला. तरी मुका.
झालं, आम्हाला तेवढंच हवं असतं :
पॉट फिरव, अर्थ तुटला असेल,
तार धरल्यावर गुणगुण थांबते का बघ,
माझं ऐकशील तर ते सर्किटच उपटून टाक,
साधा कर, जन्माची कटकट जाईल.

हात चालू असले की तोंडं कुठली थांबतात.
खंडव्याचं लग्न निघालं, चौऱ्याण्णवचं.
गजाचा हाच बेस, मस्कतहून आलेला, नवा कोरा,
आणि नवरदेवाचा काका विचारतोय,
याला दोन तारा कमी, मग पैसे पण कमी ना?
दुसऱ्याच गाण्यात सेल बसला.
आधी आवाज चिरकला, मग पातळ झाला, मग गेला.
गजानं बोटं थांबवली नाहीत,
माइकला तोंड लावून घशानं वाजवला बेस,
धूम् धूम् धुधूम्, पहाटे दोनपर्यंत.
कुणाला कळलं नाही.
बक्षीस ढोलकवाल्याला मिळालं.
हे सगळं डेन्झिल सांगतो. तो त्या लग्नात नव्हताच,
त्यामुळे त्यालाच नीट आठवतं.

‘ये क्या है?’ नौशाद म्हणाला.
सेलच्या खोबणीत, तळाला, घडी केलेला कागद.
तारखा. गजाचं बँकेतलं तिरपं अक्षर.
प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द : बदलला.
इरावती वाचत खाली गेली आणि मधेच थांबली.
आई गेल्यावर बाबांनी सोडलं होतं ना वाजवणं?
अकरा साली?
कागद अकरा सालाशी थांबत नव्हता.
वर्षाला दोन, कधी तीन,
मागे जागा संपली तेव्हा कडेनं उभं लिहिलेलं,
शेवटची तारीख या फेब्रुवारीतली.

रात्री त्यांचं दार लोटलेलं असायचं, ती म्हणाली.
कानाला हेडफोन. आम्हाला वाटायचं, बातम्या.

नौशाद खरं बोलणारा माणूस.
म्हणाला, वाजवलाच असेल असं नाही, बेटा.
पिन आत राहिली की सेल उतरत जातो,
वाजवा, न वाजवा.
मग कुणीच काही बोललं नाही.
खाली कुणीतरी रिक्षाला ‘भिया, जरा सरको’ म्हणत होतं.

दोष जॅकमध्ये निघाला.
आतलं पितळी पान वाकलं होतं, केसभर.
चिमट्यानं सरळ केलं, पिन खुपसली,
आणि पेटीतून ठप्प आलं, दार ढकलल्यासारखं.
इरावतीनं सगळ्यात जाड तार ओढली. एकदाच. तिला वाजवता येत नाही.
बशीतले स्क्रू थरथरले.

काय वाजवत असतील? तिनं विचारलं.
आम्ही तिघं, चाळीस-चाळीस वर्षं याच कामात,
एकमेकांकडे बघत राहिलो.
नुसत्या बेसवरून गाणं ओळखता येत नाही.

कागद तिनं परत घडी करून होता तिथं ठेवला.
नौशादनं पन्नास घेतले, सेलचे वेगळे.
विकायचं काय झालं, ते कुणी काढलं नाही.
जिन्यात तिचा एक हात भिंतीला, एक पट्ट्याला,
आणि डेन्झिल वरून ओरडला :
घरी गेल्यावर पिन काढून ठेव.